‘आयदान’ वाचलं, आता आईलाही वाचायला दिलं

आधी सुपाचं सांगते, मग पुस्तकाकडे येते.

लहानपणी आमच्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यातच, एक म्हाताऱ्या बाई पावसाळ्याच्या तोंडावर सुपं, रोवळ्या, हारे विकायला यायच्या. डोक्यावर एकात एक बसवलेल्या टोपल्यांची उतरंड, चालताना ती करकरायची. त्या अंगणाच्या कडेला पायरीच्या खाली बसायच्या. माझी आजी सूप हातात घेऊन उजेडाकडे धरायची, कुठं फट राहिलीय का बघायची, घासाघीस करायची आणि मग भाताचं माप त्यांच्या पदरात वरून ओतायची. वरून, म्हणजे हाताला हात लागायला नको. पाणी मागितलं तर तेही वरूनच, ओंजळीत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, घरात तसंच करतात एवढंच माहीत होतं. त्या बाईंचं नाव काय हे मी कधी विचारलं नाही आणि आता सांगायला घरात कुणी उरलेलं नाही. सूप मात्र अजून आहे, काठाची वीण थोडी सुटलीय, पण गावी गेलं की वहिनी त्यातच तांदूळ पाखडते.

तर उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ मी हातात घेतलं ते हे सगळं विसरून. ग्रंथालीनं 2003 मध्ये काढलेलं आत्मकथन, नाव कितीदा ऐकलेलं, लायब्ररीत दिसलं म्हणून घेतलं. आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच आयदान म्हणजे काय ते लेखिकेनं सांगितलंय, की बांबूपासून विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात, इतरत्र हे काम बुरूड करतात पण कोकणात ते महार समाजाकडे होतं, आणि आपली आई आयदानं विणायची. ती विणत होती, मी लिहिते, दोघींची वीण एकच आहे आणि ती दुःखाची वीण आहे, अशा अर्थाचं त्या लिहितात. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा आमच्या अंगणातल्या त्या बाई आठवल्या आणि पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. म्हणजे त्या बाईंना पण घर असेल, मुलं असतील, त्या मुलांच्या फीसाठी ती सुपं असतील. हा विचार चाळीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता याची मला मनापासून लाज वाटली.

पुस्तक कशाबद्दल आहे ते थोडक्यात. उर्मिलाताईंचा जन्म 1945 चा, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं फणसवळे. सुरुवातच होते ती गावातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढउतार करत रत्नागिरीच्या बाजाराला निघतात तिथून. लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे, आंबे, जे मोसमाला असेल ते. एवढ्या आडबाजूला वस्ती कुणी केली म्हणून त्या बाया आपल्या मूळपुरुषालाच शिव्या घालत चालतात! मला हे फार म्हणजे फारच आवडलं. कारण आपल्याकडे दुःखाचं पुस्तक म्हटलं की पहिल्या पानापासून रडं सुरू होतं, इथं बाया चालतायत, दमतायत, एकमेकींची थट्टा करतायत, शिव्या देतायत, हसतायत आणि त्यांचे पाय सोलवटलेत हेही त्याच ओळीत कळतं. कोकणातली असल्यामुळे ती चढण, तो कातळ, ती उन्हात तापलेली जांभ्याची पाऊलवाट मला डोळ्यासमोर दिसत होती. भाषाही तिथलीच आहे, आईला ‘आये’ म्हणणारी. घाटावरच्या वाचकांना पहिली काही पानं थोडं अडखळल्यासारखं होईल पण सोडू नका, कान लवकर सरावतो.

वडील मास्तर होते. मुलांना शिकता यावं म्हणून त्यांनी गाव सोडून रत्नागिरीच्या जवळ घर केलं. लेखिका तिसरीत असताना ते गेले. जाताना मुलांना शिकव म्हणून सांगून गेले आणि आये तेवढं एक धरून बसली. नवरा गेलेली बाई, पदरात पोरं, गावी परत जायला नातेवाईक सांगतायत आणि ही अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढतेय, विणतेय, विकतेय, फी भरतेय. ती बाई मायेनं जवळ घेणारी वगैरे नाहीये हं. चिडते, मारते, तोडून बोलते. लेखिकेनं आईला देवी केलेलं नाही आणि म्हणूनच ती खरी वाटते.

शाळेतला एक प्रसंग सांगते, कारण मी तो तीनदा वाचला. वर्गाबाहेर गाईनं शेण टाकलेलं असतं. मास्तर ह्या पोरीला सांगतात, तुमची गाय आहे, तू उचल. ती नाही म्हणते. मास्तर कानफटात मारतात. मुलगी रडत घरी. मास्तरांचा जायचा यायचा रस्ता घरावरून, आणि आये नेहमीप्रमाणे बाहेर विणत बसलेली. मास्तर दिसल्यावर ती त्यांना उभं करून विचारते की माझ्या मुलीला का मारलं. ते गाईचं सांगतात तर ही म्हणते, गाय आमचीच होती हे तुम्ही पाहिलं का? मी रांडमुंड बाई इथं बसून हातानं काम करते ते ह्या पोरांना शिकवायचं म्हणून आणि तुम्ही असं वागता, परत हात लावून बघा, ह्या रस्त्यानं कसे जाता ते बघते. माझ्या शब्दांत सांगितलंय, मूळ पुस्तकात याची धार वेगळीच आहे. त्यानंतर मुलीला आईचा केवढा आधार वाटायला लागला ते वाचताना माझे डोळे भरून आले. हातात अर्धवट विणलेली टोपली आणि समोर मास्तर. त्या काळात! शिकलेल्या आणि नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी किती जणी अजून मुलांच्या शाळेत शिक्षकांसमोर असं ताठ उभ्या राहू शकतात सांगा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या भागाकडे येते. जातीबद्दल या पुस्तकात खूप आहे आणि ते असायलाच पाहिजे, पण बाई म्हणून जे भोगावं लागतं ते ज्या पद्धतीनं आलंय ना, तसं मी मराठीत फार कमी वाचलंय. कारण इथं त्रास देणारा माणूस कायम बाहेरचा नाही. वरच्या जातीचे लोक तुच्छ वागवतात ते तर आहेच, पण आपल्याच वस्तीतल्या बाया कशा मार खातात, सासवा कशा वागवतात, विधवा बाईला दिवस गेले तर आपलीच पंचायत आणि आपल्याच बाया तिचं काय करतात, हे सगळं लेखिकेनं लिहून ठेवलंय. तो विधवेचा प्रसंग मी इथं सांगणार नाही, तो वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. घरातलं बाहेर कशाला काढायचं, आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात, असं ज्यांच्यावर सगळ्यात जास्त दडपण असतं त्या समाजातल्या बाईनं हे लिहिणं याला किती बळ लागत असेल. आपापल्या घरातलं एक खरं वाक्य चारचौघांत बोलून बघा म्हणजे कळेल.

आणि मग लग्न. लग्न त्यांच्या पसंतीनं झालेलं. नवरा वाईट माणूस म्हणून रंगवलेला नाही, प्रेम आहे, एकमेकांची ओढ आहे, लग्नाच्या पहिल्या रात्रीबद्दलसुद्धा त्यांनी इतकं मोकळेपणी लिहिलंय की काहींना ते खटकलं असणार, मला ते फार प्रामाणिक वाटलं. त्यांची पीडब्ल्यूडीत नोकरी. पगार झाला की तो नवऱ्याच्या हातात. कुणी जबरदस्ती करत नाहीये, तशीच रीत आहे आणि सुरुवातीला तर त्यात त्यांना समाधानच वाटतं. पुढं मुंबईत आल्यावर त्यांना एम.ए. करायचं असतं, मराठी घेऊन. नवऱ्याचं म्हणणं काय, तर घरातलं सगळं, स्वयंपाक, मुलं, हे आवरून मग काय शिकायचं ते शिक. वरवर बघितलं तर ही परवानगीच आहे की, नाही कुठं म्हटलंय! पण ज्या बाईनं सकाळी डबे करून, लोकल पकडून, ऑफिस करून, घरी येऊन परत कणीक मळलीय तिला विचारा ‘सगळं आवरून’ म्हणजे रात्रीचे किती वाजतात ते. त्या वेळेत त्यांनी एम.ए. केलं, कथा लिहिल्या, ‘सहावं बोट’, ‘चौथी भिंत’ हे संग्रह आले. आणि जसजसं नाव व्हायला लागलं, सभा, कार्यक्रम, संघटना सुरू झाल्या तसतसं घरात खटके वाढत गेले. शिकलेला, चळवळ मानणारा, बायकोवर प्रेम करणारा माणूस, पण बायको आपल्यापेक्षा पुढं जातेय हे त्याला पचवता येत नाही. मला वाटतं हे लिहिणं सगळ्यात अवघड. मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दल लिहिलं तर लोकांना लगेच पटतं. चांगल्या माणसाबरोबरही बाई कशी आक्रसत जाते हे पटवून द्यायला फार खरं लिहावं लागतं आणि उर्मिलाताईंनी ते लिहिलंय, त्याच्यावर सूड न घेता.

पगाराची ती पानं वाचून मी उठले आणि आईला फोन केला. माझी आई एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मला आठवतंय, पगाराच्या दिवशी ती घरी येऊन पाकीट बाबांच्या टेबलावर ठेवायची आणि मग तोंड धुवायला जायची. नंतर पगार बँकेत जमा व्हायला लागला तर पासबुक बाबांच्या कपाटात. साडी घ्यायची तरी विचारून. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत, हेही तेवढंच खरं. फोनवर मी तिला विचारलं की तुला कधी वाटलं नाही का गं, तर म्हणाली, अगं तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं, आणि विषय बदलला. मग मी स्वतःची प्रत विकत घेतली आणि तिच्याकडे पाठवली. दीड महिन्यानं ती प्रत परत आली. आई पुस्तकाच्या बाबतीत फार कडक, पान दुमडलं की आम्हाला ओरडायची. तर त्या प्रतीत एकच पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं, पगाराचं. त्याच्यावर ती माझ्याशी अजून काही बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही.

माझं स्वतःचंही सांगते. मी बाहेरून एम.ए. करत होते तेव्हा जिथं नोकरीला होते तिथं परीक्षेसाठी सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, लग्न झालंय, मूल झालंय, आता शिकून काय दिवे लावणार? बरोबरच्या एकाला त्याच महिन्यात त्याच कारणासाठी सुट्टी मिळाली होती. मी तेव्हा गप्प बसले, एक पेपर बुडाला, वर्ष गेलं. हे पुस्तक तेव्हा वाचलं असतं तर मी गप्प बसले नसते असं म्हणणं सोपंय, मला माहीत नाही. पण मला निदान कळलं असतं की हे माझ्या एकटीचं नाहीये.

अजून एक गोष्ट जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. उर्मिलाताई पुढं स्त्री चळवळीत जातात, आणि दलित चळवळीत तर आहेतच. दोन्हीकडे त्यांना जे दिसतं ते त्या सांगतात. स्त्री संघटनांमध्ये जातीचा प्रश्न बाजूला पडतो आणि दलित चळवळीत बाईचा. समतेच्या नावानं जमलेल्या पुरुषांना आपल्या बायकांनी स्टेजवर बोलावं असं वाटत नाही. हे बघून त्या वैतागून घरी बसल्या नाहीत, त्यांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध घेतला, गावोगावी, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. 1942 साली नागपूरला दलित महिलांची परिषद झाली होती आणि हजारोंनी बाया जमल्या होत्या हे मला तरी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात कधी वाचल्याचं आठवत नाही. घर, नोकरी, मुलं आणि वरती हे काम. यावरून बेबी कांबळे आठवल्या, त्यांनी ‘जिणं आमुचं’ हे आपलं आत्मकथन कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून लिहिलं होतं. आपल्याकडे बाईला लिहायचं असेल तर आधी जागा आणि वेळ चोरावा लागतो, मग शब्द.

जातीचं विष शहरात आल्यावर संपलं नाही हेही पुस्तकात आहे. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी घरी येतात, भिंतीवरचे बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे फोटो दिसतात आणि त्यानंतर शेजारच्या घराचं वागणं बदलतं. हे वाचताना मी परत माझ्या आजीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. भात वरून ओतायचं बंद झालं, पण हे चालूच राहिलं.

शेवटाकडे त्यांचा मेडिकलला शिकणारा तरुण मुलगा अपघातात जातो. त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही, मला मुलगा आहे. एवढंच सांगते की त्या ठिकाणी त्यांनी एकही शब्द जास्तीचा वापरलेला नाही.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते, रिव्ह्यू लिहायचा तर ते सांगायलाच पाहिजे. पुस्तक सरळ रेषेत जात नाही, एका आठवणीतून दुसरी निघते, मध्येच मागं जाते, मध्येच चार नातेवाईकांची ओळख येते आणि कोण कुणाची हे लक्षात ठेवायला मला तरी जड गेलं, मी मागच्या पानावर पेन्सिलीनं नावं लिहून ठेवली. बालपणाचा भाग जितका सविस्तर आहे, त्यातलं खाणं, मासे, सण, बाया, सगळं जसं डोळ्यासमोर उभं राहतं, तसं मुंबईतल्या चळवळीच्या भागात होत नाही. तिथं कार्यक्रमांची आणि माणसांची नावं भराभर येतात आणि मला वाटत राहिलं की इथं थांबा ना थोडं, त्या मिटिंगमध्ये नेमकं कोण काय बोललं ते सांगा. आणि नवऱ्याबद्दलच्या काही जागी त्या अगदी दारापर्यंत नेतात आणि आत नेत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे, तरी वाचक म्हणून मला ते जाणवलं. पाचपैकी साडेचार देईन, तो अर्धा गुण फक्त मधल्या घाईसाठी कापलाय.

या पुस्तकाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला होता आणि उर्मिलाताईंनी तो नाकारला, कार्यक्रमाची सुरुवात सरस्वतीपूजनानं होते याला त्यांचा आक्षेप होता. यावर लोकांची मतं वेगवेगळी असतील, माझ्या ओळखीत पण आहेत. मला मात्र त्यात ती रस्त्यात मास्तरांना उभं करणारी आयेच दिसली.

कुणी वाचावं? ज्यांना वाटतं की बायकांवरचा अन्याय म्हणजे हुंडा आणि मारझोड, त्यांनी आधी वाचावं. नोकरी करणाऱ्या मुलींनी लग्नाआधी वाचावं. पुरुषांनी तर नक्कीच, माझ्या नवऱ्यानं अर्धं वाचलंय, एम.ए. च्या भागाशी आला तेव्हा मला म्हणाला की तुझा तो बुडालेला पेपर राहिलाच ना. बारा वर्षांनी आठवलं का होईना, आठवलं. दहावी बारावीच्या मुलांना द्यायला हरकत नाही, काही प्रसंग कठीण आहेत पण शेजारी बसून वाचले तर बोलायला खूप मिळतं. मराठी वाचता येत नाही अशा मुलांसाठी माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’, माझ्या बंगलोरच्या भाचीला तोच दिलाय. सुषमा देशपांडे यांनी यावर नाटक पण बसवलं होतं, मला बघायला मिळालेलं नाही, परत प्रयोग लागला तर मी कामावर रजा टाकून जाणार आहे.

शक्यतो दुकानात जाऊन घ्या, दुकानदाराला नाव सांगून मागवायला लावा, म्हणजे निदान एक प्रत तरी तिथल्या फळीवर येईल. मी आता ‘आम्हीही इतिहास घडवला’ शोधतेय, आमच्याकडच्या दोन दुकानांत मिळालं नाही. कुणाकडे असेल तर कळवा, वाचून जसंच्या तसं परत करीन, पान न दुमडता.